कान नसलेली बंदूक

शोभेच्या बंदुकीला कान नसतो. वऱ्हाडातल्या कारंजा गावी एखाद्या दिवाणखान्यात ढाल-तलवारीच्या शेजारी पितळी पट्ट्यांनी मढवलेली, गडद लाकडाच्या दस्त्याची ‘पुरातन’ बंदूक टांगलेली असते. घोडा मागे ओढला की चढतो, चाप दाबला की खट्कन पडतो, गज जागच्या जागी असतो, नळीला तोंडही असते. पण नळीच्या बुडाशी, उजव्या अंगाला, जिथून आग आत शिरायची ते बारीक छिद्र पाडलेलेच नसते. मराठीत या छिद्राला जुना आणि नेमका शब्द आहे: कान. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानांत खिळे ठोकत. शोभेच्या बंदुकीला तेवढाही त्रास द्यावा लागत नाही, ती जन्मजात बहिरी असते. एवढे एक भोक पाडले की हीच बंदूक बोलू लागेल, असे हौशी माणसाला वाटते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. भिंतीची बंदूक आणि बाराची बंदूक दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी जातीने वेगळ्या आहेत. गारेच्या बंदुकीने खरोखर बार काढायचा असेल तर ती पहिल्या दिवसापासून बाराचीच म्हणून निवडावी लागते. शोभेची बंदूक पुढे कधीतरी बाराची होईल हा हिशेब धातुशास्त्रात बसत नाही आणि कायद्यात तर मुळीच नाही.

गंमत अशी, की जगभर विकल्या जाणाऱ्या गारेच्या बंदुकांच्या स्वस्त प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर भारतातच बनतात. अमेरिकेत आणि कॅनडात अठराव्या शतकातल्या लढायांचे देखावे उभे करणारी मंडळे आहेत. शेकडो माणसे त्या काळचे गणवेश चढवून मैदानात उतरतात आणि प्रत्येकाला बंदूक लागते. इटलीत गार्दोने वाल त्रोंपिया या बंदूककारांच्या गावातली पेदेरसोली कंपनी १९५७ पासून या धंद्यात आहे. तिच्या नळीवर सरकारमान्य चाचणीगृहाचा ठसा असतो आणि किंमतही तशीच चढी असते. भारतीय माल त्याहून बराच स्वस्त पडतो. तो इथून बिनकानाचा निघतो, म्हणजे कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही शोभेची वस्तू म्हणून. पलीकडे पोचल्यावर तिथला विक्रेता किंवा बंदूककार त्याला कान पाडतो, जास्त दारूचा बार भरून लांबून दोरीने चाप ओढतो आणि नळी टिकली तर गिऱ्हाइकाला देतो. या बंदुकांवरून तिकडच्या हौशी लोकांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, नळी बिनजोड पोलादी आहे, भिंत जाड आहे, काही होत नाही. दुसरी बाजू विचारते, या विशिष्ट नळीची परीक्षा कुणी घेतली? या वादातून घेण्याजोगी गोष्ट एकच, की स्वस्त प्रतिकृतीची बाजू घेणारा जाणता माणूससुद्धा परीक्षा न झालेल्या नळीत दारू भरत नाही. तिकडे ती परीक्षा घेणारा कारागीर आहे आणि कायद्याला ते काम चालते. इथे नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत.

गारेची बंदूक म्हणजे मुळात ठिणगी पाडण्याचे यंत्र. नळी त्या यंत्राला जोडलेली असते. बोलताना आपण चापालाच घोडा म्हणतो, पण इथे घोडा म्हणजे वर उभा असलेला, जबड्यात गारेचा तुकडा धरलेला भाग. चाप दाबला की घोडा पुढे झेपावतो आणि गारेची धार समोरच्या उभ्या पोलादी पानावर वरून खाली खरवडत जाते. ठिणगी गारेची असते असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर गार पोलादाचे अतिसूक्ष्म कण सोलून काढते आणि घर्षणाने तापलेले ते कण हवेत जळतात. ठिणगी पोलादाची असते. त्याच धक्क्याने पान मागे उलटते, खालची छोटी वाटी उघडी पडते, वाटीत चिमूटभर बारीक दारू असते, तिला रंजक म्हणतात. ठिणग्या रंजकेवर पडतात, रंजक भडकते, ज्योत कानातून आत जाते आणि मुख्य बार उडतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर हे सगळे घडायला हवे. यातली एक कडी ढिली पडली तर रंजक नुसती उडून जाते, वाटीत भपका होतो, धूर होतो आणि नळी गप्प राहते. बंदूक निवडताना म्हणून नजर आधी कळीकडे, म्हणजे घोडा, पान, वाटी आणि आतल्या कमानी या संचाकडे जायला हवी. गिऱ्हाईक मात्र बहुधा पितळेची चमक आणि दस्त्यावरची नक्षी पाहत बसते.

कारंज्याच्या माणसाने आणखी एक गोष्ट आधी ठरवावी, ती म्हणजे आपल्याला कोणता काळ हवा आहे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस अशा चार वेशींचे हे गाव एके काळी वऱ्हाडातली धनाढ्य पेठ होते. १६७० साली, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा देखाव्यात हा प्रसंग उभा करायचा आणि मावळ्याच्या हाती गारेची बंदूक द्यायची, ही सरळ सरळ काळाची गफलत आहे. त्या काळी इथल्या शिपायाच्या हाती असे ती तोड्याची बंदूक. तिच्यात गार नसते, ठिणगी नसते. सुताची पेटती वात, म्हणजे जामगी, घोड्याच्या चिमट्यात धरलेली असते आणि चाप ओढल्यावर ती रंजकेत टेकते. गारेच्या बंदुकीचा वऱ्हाडातला ठळक प्रसंग पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी येतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या हाती तेव्हा गारेच्या बंदुका होत्या. आपल्या बाजूलाही त्या नव्हत्या असे नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या युरोपीय सेनानीने जे कवायती कंपू उभे केले, त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बंदुका बनत आणि एकीला दहा रुपये खर्च येई, अशी नोंद आहे.

याच काळातला एक नमुना आजच्या प्रतिकृतींत हमखास आढळतो आणि त्याचे नावच ‘इंडिया पॅटर्न’ आहे. ब्रिटिश पायदळाची मूळ बंदूक, जिला लाडाने ‘ब्राऊन बेस’ म्हणत, तिची नळी आधी ४६ इंच होती, पुढे ४२ इंच झाली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी ३९ इंची, साधी, कमी खर्चाची बंदूक करवून घेतली. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका पुरेनात, तेव्हा त्याने कंपनीचा साठा उचलला आणि १७९७ मध्ये तोच नमुना आपल्या सैन्यासाठी पत्करला. इकडच्या शिपायासाठी केलेली काटकसर अशी साहेबाच्या अंगावर गेली. हौशी नेमबाजालाही हा नमुना सोयीचा पडतो. वजन साडेचार किलोच्या आसपास, नळी तुलनेने आखूड, घडण बिनझगमगीची. नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर, आणि आतून गुळगुळीत, पेच नाहीत. सैन्यात गोळी मुद्दाम लहान, सुमारे ०.६९ इंचाची वापरत, कारण दहा-बारा बारांनंतर नळीत काजळीचा थर बसतो आणि घट्ट गोळी खाली उतरत नाही. मिनिटाला तीन बार काढायचे तर नेमकेपणावर पाणी सोडणे भाग होते. आजच्या नेमबाजाला घाई नाही. तो थोडी मोठी गोळी घेतो, तिच्याभोवती तेल लावलेल्या कापडाची चकती गुंडाळतो आणि सैनिकाहून कितीतरी चांगला नेम साधतो. पण पन्नास पावलांपलीकडे या बंदुकीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता कळ कशी पाहायची ते. पहिली गोष्ट पोलादी पान. ते पुरेसे कडक नसेल तर गार त्याच्यात रुतते, ओरखडे काढते आणि ठिणगी पडत नाही. पडलीच तर लालसर आणि मरतुकडी. चांगल्या पानावरून पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झुबका थेट वाटीत कोसळतो. अंधाऱ्या खोलीत, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि रंजक न घालता घोडा पाडला की हे दिसते. स्वस्त प्रतिकृतींत नेमका हाच भाग मऊ निघतो, आणि त्यात नवल नाही, कारण भिंतीवर टांगलेल्या बंदुकीला ठिणगी पाडावी लागत नाही. दुसरी गोष्ट कमानींचा तोल. घोड्याची कमान फार जोरकस असेल तर गार चार-सहा बारांत फुटते. पानाची कमान फार ताठ असेल तर पान उलटतच नाही. तिसरी गोष्ट अर्धा चढाव. घोडा अर्ध्यावर चढवला की तो तिथे कुलुपासारखा अडकला पाहिजे आणि चाप कितीही दाबला तरी पडता कामा नये, कारण रंजक भरताना हाच एक अटकाव तुमच्या आणि अपघाताच्या मध्ये उभा असतो. शोभेच्या बंदुकीत ही खाच बऱ्याचदा नावापुरती कोरलेली असते. अर्ध्यावरून घोडा सुटत असेल तर बाकी बंदूक कितीही देखणी असो, ती परत द्यावी.

नळीबाबत डोळ्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. बाहेरून गुळगुळीत, जाड आणि काळीशार दिसणारी नळी मागच्या टोकाला कशी बंद केली आहे, हा खरा प्रश्न. बाराच्या बंदुकीत तिथे आटे पाडून जाड पोलादी बूच घट्ट फिरवलेले असते आणि स्फोटाचा सगळा मागचा धक्का ते झेलते. हा धक्का नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर बसतो, एवढे सांगितले तरी पुरे. शोभेच्या नळीचे बूच कसे बसवले, कशाने जोडले, याची हमी कुणी देत नाही आणि ते उघडून पाहिल्यावरही सामान्य माणसाला काही कळत नाही. ते कळते फक्त चाचणीतून. चाचणीचा ठसा नाही, तर दारू नाही. आणि ठसा असला तरी त्या नळीत फक्त काळी दारू. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या रीतीने जळते, तिचा दाब या नळीला पेलण्यापलीकडे जातो. दोन्ही दारू काळपट दाणेदार दिसतात म्हणून आलटूनपालटून चालतील असे समजणाऱ्याची बोटे या चुकीत गेलेली आहेत.

गारेचा विषय मात्र आपल्या मातीतला आहे. कारंजा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे आणि या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक, स्फटिक तयार होतात. नांगरटीनंतर शेतात पांढरे, निळसर, दुधाळ खडे वर येतात, पोरे ते एकमेकांवर आपटून अंधारात चमक पाहतात. मग विकतची गार कशाला, असे वाटणे साहजिक आहे. इंग्लंडात सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावची काळी गार आणि फ्रान्सची मधाच्या रंगाची गार जगभर नावाजलेली होती, आणि आजही हौशी लोक तीच शोधतात. रसायनाच्या दृष्टीने ती आणि आपला अकीक एकाच कुळातले, दोन्ही सिलिका, दोन्ही पोलादाहून कडक. फरक पडतो फुटण्यात. चांगली गार फोडली की काचेसारखी सरळ, पातळ, धारदार कड देते. बारीक कणांचा, एकजिनसी अकीक असेल तर त्याचीही धार निघते आणि ठिणगीही पडते. स्फटिकाचा पांढरा खडा मात्र वेडावाकडा तुटतो, त्याला कड येत नाही. तेव्हा शेतातल्या खड्यांपैकी दुधाळ, अर्धपारदर्शक, मेणचट चमकेचा तुकडा निवडला तर प्रयोगाला हरकत नाही. बाकीचे पोरांना द्यावेत. चांगल्या गारेवर वीस-पंचवीस बार सहज निघतात, कळ नीट जुळलेली असेल तर जास्तही. गार जबड्यात उघडी धरायची नाही. कातड्याच्या किंवा शिशाच्या पातळ पट्टीत गुंडाळून धरायची, नाहीतर ती सटकते किंवा तडकते.

बाकीचे सामान किरकोळ दिसते, पण बंदूक आणि बंदुकीचा सांगाडा यांत फरक करते ते हेच. कान मोकळा करायला बारीक तार, वाटी झाडायला छोटा कुंचला, गज, गजाच्या टोकाला लावायचा पेच, जो अडकलेली गोळी उपसून काढतो, आणि दारू मोजायचे पितळी माप. दारू साठवायच्या शिंगड्यातून ती थेट नळीत ओतायची नाही, हा नियम काळ्या दगडावरची रेघ समजावा. मागच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असला तर नळीतली मोजकी दारू भडकेल, पण शिंगडे हातात धरलेले असले तर हातच जाईल. दारू किती, याचे उत्तर बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यात असते; ओळखीच्या जाणकाराच्या ‘आम्ही तर एवढी घालतो’ यात नसते. गजावर एक खूण करून ठेवावी: नळी रिकामी असताना गज किती आत जातो आणि भरलेली असताना किती. गोंधळात माणूस एकावर एक बार भरतो. १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावर सापडलेल्या बंदुकांपैकी हजारोंच्या नळ्यांत दोन-दोन, काहींत त्याहूनही जास्त बार ठासलेले निघाले, आणि त्या बंदुका तर गारेच्या मानाने सोप्या होत्या. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवरण हे आलेच. शिवाय उजवीकडे कुणी उभे नको. प्रत्येक बाराला कानातून आगीची एक सणसणीत जीभ आडवी बाहेर पडते, हे पडद्यावरच्या लढायांत कुणी दाखवत नाही. बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच रोखून मिनिटभर थांबायचे; कधी कधी आतली ठिणगी रेंगाळून मग बोलते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शेताच्या बांधावरून येतो, आणि तो वजनदार आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या आसपास आणि एकूणच या पट्ट्यात सोयाबीन, तूर, हरभरा रोही आणि रानडुकरांच्या कळपांखाली जातो. शेतकरी रात्र रात्र जागल करतो. त्याच्या आजाकडे ठासणीची बंदूक होती. मग त्याने प्रतिकृतीला कान पाडून पिकाची राखण केली तर बिघडले काय? गमतीचा भाग असा, की कायदा या शेतकऱ्याला विसरलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. खऱ्या गरजेसाठी तिचा परवाना द्यावा अशी तरतूद आहे, आणि ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे दार आहे, आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयातून उघडते. भोक पाडणारा माणूस ते दार सोडून भिंत फोडतो. त्याच कायद्याच्या ६ व्या कलमानुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायलाच परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे कैद आहे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारायची मुभा नव्हे. वन्यजीव कायद्यात त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते, आणि काळविटाला तर सर्वोच्च संरक्षण आहे. नुसता आवाज करून जनावर हाकलायचे असेल, तर गारेची बंदूक हे त्यासाठीचे सगळ्यात बेभरवशाचे साधन आहे. दवाने रंजक ओली झाली की तिच्यापेक्षा डबा बडवलेला बरा.

दुसरा आक्षेप वाड्यातला. ही जुनी आहे, पुरातन वस्तू आहे, हिला कसला परवाना? कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी, पण तिला एक शेपूट आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. म्हणजे सूट वयाला नाही, निरुपयोगीपणाला आहे. दोनशे वर्षांची बंदूक आज दुरुस्त होऊन उडू शकत असेल तर ती बंदूकच. आणि काल बनलेली प्रतिकृती कान पाडून उडू लागली तर तीही बंदूकच. ठिणगी गारेतून आली की स्फोटक टोपीतून की काडतुसाच्या बुडातून, हे कायदा विचारत नाही. स्फोटाच्या जोरावर काही बाहेर फेकले जाते का, एवढेच विचारतो. हे मला योग्य वाटते. १८०३ साली या बंदुकीने माणसे मेली, ती आजही मरतील. गोळीला इतिहास कळत नाही.

तिसरा आक्षेप मंडळांचा: गोळी घालायचीच नाही, फक्त आवाजाचा बार, मिरवणुकीपुरता. नळी फुटायला गोळी लागत नाही, ठासलेला कागदाचा बोळाही पुरतो, आणि घाईत गज नळीतच राहिला तर तो बाणासारखा सुटतो. गर्दीत उजवीकडच्या माणसाच्या चेहऱ्याशी कानातली आग येते ती वेगळीच. जल्लोषातल्या निष्काळजी गोळीबाराला २०१९ पासून स्वतंत्र शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चौथा, पारावरचा आक्षेप: पूर्वी गावचा लोहार कसल्याही नळीची बंदूक करी आणि ती तीन पिढ्या चाले. चाललेल्या बंदुकीची गोष्ट सांगायला तीन पिढ्या उरतात. फुटलेल्या बंदुकीची गोष्ट सांगणारा तिच्या मागेच उभा होता.

मग कारंज्याच्या खऱ्याखुऱ्या हौशी माणसाने करायचे काय? इटालियन प्रतिकृती परदेशातून मागवून टाकू, हे इथे होत नाही. खासगी माणसाला बंदूक आयात करण्यावर कडक निर्बंध आहेत, सवलत नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्यांना. काळी दारूही घरी कुटायची वस्तू नाही. तिचा साठा आणि विक्री स्फोटकांच्या कायद्याखाली येते, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. उरतो तो सरळ पण कंटाळवाणा रस्ता: परवाना काढायचा, परवानाधारक भारतीय कारखान्याची, चाचणी झालेली ठासणीची बंदूक अधिकृत दुकानातून घ्यायची आणि मान्यताप्राप्त मैदानावर चालवायची. ती बहुधा टोपीची असेल, गारेची नसेल. पण भरणे, ठासणे, मोजणे, थांबणे, धुणे हे नव्वद टक्के शिक्षण दोन्हींत सारखेच आहे. गारेच्या बंदुकीचाच ध्यास असेल, तर १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा पाहण्याजोग्या असतात. त्यांत मूळ बंदुका आणि प्रतिकृती असे वेगळे गट असतात. गारेच्या सैनिकी बंदुकीने पन्नास मीटरवर, उभ्याने, अर्ध्या तासात तेरा बार काढायचे आणि त्यांतले उत्तम दहा मोजायचे. तीन बार सोडून दिलेले असतात. आणि भिंतीवरची बहिरी बंदूक भिंतीवर फार शोभते. नाटकात शोभते, शाळेच्या प्रदर्शनात शोभते, मुलांना ठिणगीचे तंत्र समजावायला तर तिच्यासारखे साधन नाही. तिचा कान बंद आहे तोवर ती निरुपद्रवी आहे.

बाराची बंदूक मात्र दिवस संपला तरी सुट्टी देत नाही. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा शोषते आणि पोलाद खाते. वऱ्हाडात याला दोन रूपे आहेत. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत काजळी नळीत चुन्यासारखी कडक बसते, पाचव्या-सहाव्या बारालाच गज अडखळतो, आणि मध्येच ओल्या चिंधीने नळी पुसावी लागते. श्रावणात उलटे: काजळी मऊ राहते, पण संध्याकाळी न धुतलेल्या नळीवर सकाळी तांबडी पूड धरलेली असते. तेलाने काम भागत नाही, या राखेला पाणीच लागते. कान लाकडी खुंटीने बंद करायचा, कढत साबणाचे पाणी नळीत ओतायचे, गजाला चिंधी लावून वर-खाली करायचे. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो, तो गंधकाचा. दुसरे राखाडी. तिसरे-चौथे निवळ आले की खुंटी काढायची, कानात तार फिरवायची, नळी कोरडी पुसायची आणि मगच तेलाचा हात. वाटी, पान आणि घोड्याचा जबडा तसाच. सगळे मिळून तासभर जातो, बार पाच काढलेले असोत की पन्नास.